खेकड्याचा आवाज कुठे ठेवलाय?

वरळीला नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात विजेवर चालणारं एक जुनं रेल्वे इंजिन उभं आहे. मधे उंच धड, दोन्ही बाजूंना बसकी लांब नाकं आणि चाकांना बाहेरून जोडणारे जाड पोलादी दांडे. विजेच्या इंजिनाला वाफेच्या इंजिनासारखे दांडे कशाला, म्हणून माणूस थबकतोच. काही वर्षांपूर्वी मी काकांना घेऊन तिथे गेलो होतो. काका मध्य रेल्वेत होते. नोकरीची पहिली वर्षं सगळी कर्जत-लोणावळ्याच्या घाटात गेलेली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुढच्या दांड्यावर तळवा ठेवला आणि म्हणाले, "हा आमचा खेकडा. नुसता उभा असला तरी कण्हायचा."

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. "कण्हायचा म्हणजे कसा, आजोबा?"

काकांनी ओठ मिटून घशातून एक लांबलचक, खालच्या पट्टीतला आवाज काढला. मग दोन्ही हात कोपरापासून पुढेमागे फिरवत दातांच्या फटीतून दुसरा, 'सुप्... सुप्...' असा. गाडी ओढायला लागल्यावरचा, दांड्यांचा. शेजारी फोटो काढत असलेलं एक कुटुंब फोन खाली करून ऐकायला लागलं.

त्या दोन आवाजांपायी हा लेख लिहितो आहे.

ते इंजिन म्हणजे डब्ल्यूसीजी-१. जीआयपी रेल्वेने, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वज कंपनीने, १९२८-२९ च्या सुमारास घाटातल्या मालगाड्यांसाठी अशी ४१ इंजिनं आणली. पहिली दहा स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यात बांधली, उरलेली इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीत. त्या काळच्या विजेच्या मोटारी इतक्या बोजड की चाकांच्या मधे मावायच्या नाहीत. म्हणून त्या वर चढवायच्या आणि त्यांची ताकद दांड्यांनी चाकांपर्यंत पोचवायची. बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. तिथे वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, रांग ओढायचं काम या इंजिनांनी पुढची कित्येक वर्षं केलं आणि म्हातारपणी यार्डात शंटिंगही केलं. युरोपात या घाटणीच्या इंजिनाला मगर म्हणतात. आपल्या रेल्वेवाल्यांनी तो शब्द उचलला नाही, त्यांनी स्वतःचा शोधला. ४१ पैकी मोजकीच उरली, त्यांतलं एक वरळीला आणि एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात.

आता यातली अडचण बघा. वाफेचं इंजिन मेलं तरी त्याला उठवता येतं. बॉयलर नवा घाला, पाणी भरा, कोळसा पेटवा, ते पुन्हा तोच आवाज करतं. खेकड्याचं तसं नाही. तो १५०० व्होल्टच्या डीसी विजेवर चालायचा. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदरहून कुर्ल्याला पहिली विजेची गाडी गेली ती याच विजेवर. पुढे नव्वद वर्षं मुंबईच्या रेल्वेवर तीच वीज होती. मग टप्प्याटप्प्याने २५ हजार व्होल्टची एसी वीज आली आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावर शेवटची डीसी लोकल धावली. म्हणजे उद्या कुणी खेकड्याच्या मोटारी दुरुस्त करून दिल्या तरी त्याला चालवायला रेल्वेची तार उरलेली नाही. त्याचं कण्हणं आता फक्त काही म्हाताऱ्या माणसांच्या कानात शिल्लक आहे.

आपण लोखंड जपलं ते चांगलंच केलं. पण त्या लोखंडाला खेकडा म्हणणारी माणसं, तो शब्द, तो आवाज, रात्री पावसात घाट उतरताना ब्रेकवर हात कसा ठेवायचा याचं ज्ञान, यातलं काय जपलं? माझं म्हणणं एवढंच आहे की संग्रहालयाचं दालन नवं करायला पैसा येतो तेव्हा त्यातला पहिला रुपया या कामाला गेला पाहिजे. दुसरा छपराला. पडदे, दिवे, आभासी चष्मे यांची पाळी त्यानंतर.

आज क्रम नेमका उलटा आहे. 'दालनाचं आधुनिकीकरण' म्हटलं की निविदेत आधी टचस्क्रीन येतात, मग आभासी सफर, मग रंगीत दिवे, मग सेल्फीची जागा. एका संग्रहालयात (नाव घेत नाही, कारण हे एकाच ठिकाणचं नाही) वाफेच्या इंजिनाचं काम समजावणारे पाच पडदे ओळीने होते. त्यातले तीन काळे. चौथ्यावर बोट ठेवलं तर चक्र फिरत राहिलं. पाचवा चालला, पण त्यावर जे चित्र होतं तेच दोन हातांवर खऱ्या पोलादात उभं होतं आणि त्याच्याभोवती साखळी. पडद्याचं आयुष्य पाच-सात वर्षांचं. तो बनवणारी कंपनी त्याआधीच दुसऱ्या धंद्यात गेलेली असते आणि त्याचा सुटा भाग बाजारात मिळत नाही. शंभर वर्षं टिकलेल्या वस्तूची ओळख पाच वर्षं टिकणाऱ्या वस्तूच्या हवाली करणं मला पटत नाही.

मी पडद्यांच्या विरोधात नाही. आपल्या विज्ञान केंद्रांनी याहून चांगला धडा फार पूर्वी घालून दिला आहे, एवढीच आठवण करून द्यायची आहे. नेहरू विज्ञान केंद्र १९८५ मध्ये खुलं झालं. त्या इमारतीचा आराखडा अच्युत कानविंदे यांचा, म्हणजे कोकणातल्या आचऱ्याच्या माणसाचा. हात लावा, फिरवा, ढकला आणि मग काय होतं ते बघा, हा तिथला मूळ विचार. दांडा, कप्पी, भिंग, लोलक. हे बिघडलं तर केंद्राच्या स्वतःच्या कारखान्यातला फिटर दुपारपर्यंत नीट करतो. विज्ञान संग्रहालयांच्या राष्ट्रीय परिषदेने कोलकात्यात प्रयोगशाळा उभारली तीच मुळी प्रदर्शनं स्वतः घडवायला आणि माणसं शिकवायला. संग्रहालयाच्या पोटात कारखाना असणं ही माझ्या मते खरी आधुनिक गोष्ट आहे. तो कारखाना बंद करून सगळं बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं, आणि त्यालाच सुधारणा म्हणायचं, हे मागे जाणं आहे.

जपणं म्हणजे काय यावरही आपला गोंधळ आहे. देशभर स्टेशनांबाहेर, कार्यालयांसमोर चौथऱ्यावर इंजिनं उभी दिसतात. लाल चाकं, पिवळे पट्टे, काळं कुळकुळीत अंग. बड्या पाहुण्याच्या आधी रंगाचा आणखी एक हात. बघायला छान वाटतं, पण आत काय चाललंय? बॉयलरभोवतीच्या पत्र्याखाली उष्णता धरून ठेवणारा थर असतो, तो पावसाचं पाणी शोषतो आणि महिनोन् महिने ओला राहतो. रंगाखालून गंज चालतो. बाहेरून नवरदेव आणि आतून पोकळ. शिवाय नवा रंग देण्याआधी जुना घासून काढला की कायमचं काहीतरी जातं. इंजिनावरचे रंगाचे थर झाडाच्या वर्तुळांसारखे असतात. कुठल्या कंपनीच्या काळात कुठला रंग होता, कधी क्रमांक बदलला, कुठे घासली गेली, कुठे ठोकर बसली, सगळं त्या थरांत लिहिलेलं असतं. वाळूच्या माऱ्याने ते एका दुपारी साफ होतं.

इंग्लंडमध्ये जॉर्ज आणि रॉबर्ट स्टीफन्सन यांचं 'रॉकेट' आहे, १८२९ चं. चित्रांत आपण ते पिवळंधमक, तिरक्या सिलिंडरचं बघतो. प्रत्यक्षात तिथल्या राष्ट्रीय संग्रहात जे आहे ते काळपट, अर्धवट, भाग गळालेलं आणि सिलिंडर जवळजवळ आडवे केलेलं. कारण पहिल्या काही वर्षांतच त्यात फेरफार झाले आणि ते तसंच राबलं. संग्रहालयाने त्याला पिवळा रंग फासला नाही. म्हणूनच दीडशेहून जास्त वर्षांनी अभ्यासकांना ते खोलून, एकेक खूण वाचून, त्यात कोणता बदल आधी आणि कोणता नंतर झाला ते ठरवता आलं. लोकांना चालतं-धावतं रॉकेट बघायचं होतं, तर १९७९ मध्ये त्याची प्रतिकृती बांधली. मूळ वस्तू पुरावा म्हणून राहिली आणि धूर काढायला दुसरी.

ती प्रतिकृती उभी करण्यात पुढाकार घेणारे मायकेल सॅटो हे आपल्याला परके नाहीत. ते नोकरीनिमित्त भारतात होते. १९६२ मध्ये पतियाळाच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या भंगारात त्यांना एकरुळी गाडीची इंजिनं सापडली. पतियाळा संस्थानाने १९०७ मध्ये ही गाडी सुरू केली होती. डब्याचं वजन एका रुळावर, तोल सांभाळायला बाजूला रस्त्यावरून धावणारं एक मोठं चाक. १९२७ मध्ये ती बंद पडली आणि पुढची पस्तीस वर्षं गवतात पडून राहिली. सॅटोंची नजर गेली नसती तर ती वितळून गेली असती. अमृतसरच्या रेल्वे कारखान्यात तिच्यातलं एक इंजिन पुन्हा चालतं केलं आणि १ फेब्रुवारी १९७७ ला दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय उघडलं तेव्हा ती तिथली शान झाली. या संग्रहालयाच्या उभारणीतही सॅटोंचा सल्ला होता. एका माणसाच्या उत्सुकतेवर एवढा वारसा टिकावा याचा मला आनंद होतो आणि भीतीही वाटते. जिथे असा माणूस पोचला नाही तिथे काय काय वितळलं असेल?

मूळ वस्तू चालवायचीच असं ठरवलं तर त्याची किंमत मोजायची तयारी लागते. इंग्लंडमधल्या यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे वाफेचं इंजिन २००४ मध्ये २३ लाख पौंडांना घेतलं. दुरुस्ती लांबत लांबत २०१६ पर्यंत गेली आणि तिला ४० लाख पौंडांहून जास्त लागले, म्हणजे खरेदीच्या जवळपास दुप्पट. आपली 'फेअरी क्वीन' १८५५ ची, लीड्सला बांधलेली, ईस्ट इंडियन रेल्वेची. १९९७ मध्ये ती संग्रहालयातून काढून पुन्हा रुळावर आणली, दिल्ली-अलवर धावली, नियमित चालणारं जगातलं सर्वांत जुनं वाफेचं इंजिन म्हणून गिनेसमध्ये नोंद झाली. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण पुढे तिचे बरेच भाग चोरीला गेले, पेरांबूरच्या कारखान्यात ती पुन्हा उभी करावी लागली आणि २०१७ मध्ये फेऱ्या परत सुरू झाल्या. जुन्या इंजिनातलं तांबं-पितळ भंगारवाल्याकडे किलोवर जातं. त्याला १८५५ आणि १९५५ सारखंच. म्हणून रखवालदार, कुलूप, प्रत्येक भागाचा फोटो आणि क्रमांक असलेली वही, या कंटाळवाण्या गोष्टी कुठल्याही दिमाखदार दालनाच्या आधी यायला हव्यात.

श्रीमंत देशांत सगळं आलबेल आहे असं मात्र कुणी समजू नये. लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जहाजांचं दालन होतं, १९६३ पासूनचं. लाकडी, पितळी, दोऱ्यांनी ताणलेल्या शेकडो प्रतिकृती. २०१२ मध्ये ते बंद केलं. बंद करण्यापूर्वी संपूर्ण दालन लेझरने मोजून संगणकात उतरवलं, हे त्यांच्या शिस्तीला शोभेसं. पण काचेपलीकडच्या शिडाच्या गाठी मोजत उभं राहणारं मूल संगणकातल्या ठिपक्यांच्या ढगापुढे तेवढा वेळ उभं राहील का? जागा हवी होती, विषय जुना झाला होता, ही त्यांची बाजू मी समजू शकतो. तरीही दालन काढून त्याची नक्कल ठेवणं म्हणजे वारसा राखणं, असं मला म्हणवत नाही.

आता आपल्या घरचं. महाराष्ट्राला रेल्वेचा वारसा शोधत बाहेर जावं लागत नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी इथेच धावली. बोरघाटातला मार्ग १८६३ मध्ये पुरा झाला. कामाच्या ऐन भरात एका वेळी चाळीस हजारांवर मजूर त्या डोंगरात होते. त्यांतले हजारो पटकीने आणि तापाने गेले. पहिल्या ठेकेदाराने काम सोडल्यावर आलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात पोचल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या बायकोने, अॅलिस ट्रेडवेलने, तो ठेका पुढे नेला. तिचं नाव इतिहासात आहे. सुरुंग लावणाऱ्यांची नावं नाहीत. बार्शी लाईट रेल्वे १८९७ ची, अडीच फुटी. तिने वारकऱ्यांच्या पिढ्या पंढरपूरला पोचवल्या आणि या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे रूळ रुंद झाले. वऱ्हाडातल्या 'शकुंतला' या अरुंद रुळांच्या रेल्वेवर मँचेस्टरला बांधलेलं १९२१ चं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत राबलं. नागपूरला मोतीबागेत अरुंद मापाच्या रेल्वेचं संग्रहालय २००२ पासून आहे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे आणि मुलं तिथून हटत नाहीत. तिथे पडदा नाही, हलणाऱ्या वस्तू आहेत. हे मी मुद्दाम सांगतो, कारण 'आजच्या मुलांना स्क्रीनशिवाय काही रुचत नाही' हे वाक्य प्रत्येक बैठकीत कुणीतरी टाकतंच. मुलांच्या हातात स्क्रीन घरीच आहे. दोन तास प्रवास करून ती जी बघायला येतात ती घरी नसलेली वस्तू असते.

आणि भाषा. मालाच्या डब्याला वाघीण म्हणणारी ही भाषा आहे. सांधे बदलणाऱ्याला ती सांधेवाला म्हणते. एकेरी मार्गावर ड्रायव्हरला पुढच्या स्टेशनापर्यंत जायची परवानगी म्हणून जो धातूचा गोल मिळायचा त्याला गोळा. गोळा हातात आल्याशिवाय गाडी हलायची नाही, कारण तो यंत्रातून एकावेळी एकच निघायचा, म्हणून समोरून दुसरी गाडी येणं शक्यच नसायचं. सुरक्षेची केवढी मोठी कल्पना त्या एका शब्दात बसली आहे! पण माहितीफलक लिहिताना आपण हे शब्द बाजूला ठेवतो आणि शासकीय परिभाषा कोशातून असा शब्द उचलतो की तो रेल्वेत आयुष्य काढलेल्यालाही कळत नाही. काकांना त्यांच्याच कामाचा फलक मी सोपा करून सांगावा, अशी वेळ माझ्यावर आली आहे. दालन नव्याने लिहायचं असेल तर फलकाचा मजकूर छापायला जाण्याआधी तो एखाद्या निवृत्त फिटरला वाचून दाखवावा. तो अडखळला तर फलक चुकला.

उद्याचा वारसा आजच उचलावा लागतो, हेही आपल्याकडे कुणी फारसं बोलत नाही. मुंबईच्या लोकलची पुठ्ठ्याची छोटी तिकिटं, कुपनांवर शिक्का मारणारी ती यंत्रं, हाताने रंगवलेल्या पाट्या, डीसी लोकलच्या मोटरमनच्या हातातला तो पितळी दांडा. वर्षानुवर्षं या वस्तू आपल्या रोजच्या डोळ्यांसमोर होत्या आणि एके दिवशी नव्हत्या. आता ब्रॉडगेज जवळजवळ सगळी विजेवर गेली, म्हणजे डिझेल इंजिनांची पाळी आली आहे. १९६२ मध्ये अमेरिकेहून आलेल्या डब्ल्यूडीएम-२ ने पुढची चाळीस वर्षं या देशाच्या गाड्या ओढल्या. तिचा तो लयीतला घुटमळता घरघराट, सुरू होताना सोडलेला काळा लोट. तिची देखभाल केलेली माणसं साठी-सत्तरीत आहेत. खेकड्याच्या बाबतीत जे राहून गेलं ते तिच्या बाबतीत अजून करता येतं.

त्याला खर्च किती? कल्याण, इगतपुरी, लोणावळा, भुसावळ, दौंड, कुर्डुवाडी, परळ. प्रत्येक गावात रेल्वे कॉलनी आहे आणि प्रत्येक कॉलनीत संध्याकाळी बाकावर बसणारे चार-पाच जुने ड्रायव्हर, खलाशी, सांधेवाले, गँगमन आहेत. पत्रकारितेची किंवा इतिहासाची दोन मुलं, एक चांगला ध्वनिमुद्रक आणि सहा महिने. माणसाला त्याच्या यंत्रापाशी न्यायचं, हात ठेवू द्यायचा आणि बोलू द्यायचं. एका मोठ्या दालनातल्या एका आभासी खोलीच्या खर्चात हे निम्म्या महाराष्ट्रात होईल. मग खेकड्यासमोर एक साधं बटण लावा. दाबलं की काकांसारख्या एखाद्याचा आवाज यावा, 'उभा असला तरी कण्हायचा'. यंत्राचा मूळ आवाज आपल्याकडे नाही, पण तो वर्षानुवर्षं ऐकलेल्या माणसाने काढलेली नक्कल आहे, आणि तीही फार दिवस राहणार नाही.

काकांचा तो आवाज मी त्या दिवशी फोनमध्ये घेतला होता. चाळीस सेकंद. मागे मुलीचं हसणं आहे आणि रस्त्यावरचे हॉर्न. काका गेल्यानंतर मी तो एका संग्रहालयाला देऊ केला. तिथल्या बाईंनी आपुलकीने ऐकून घेतलं, दोनदा लावायला सांगितला, आणि मग देणगीचा अर्ज काढला. अर्जात वस्तूचं वर्णन, लांबी, रुंदी, वजन आणि साहित्य असे रकाने होते. त्या थोडा वेळ पेन हातात धरून बसल्या. मी म्हटलं, 'इतर' असा एक रकाना आपण पेनाने आखूया का? त्यांनी पट्टी काढली.